पत्ते टाकलेत ना? मग तोंडही मिटा

प्रति,
सीट क्रमांक पाच,
मांडवी नदीवरच्या त्या कॅसिनो बोटीतलं आमचं पोकरचं टेबल.

महाशय,

त्या रात्री फ्लोअर अधिकाऱ्यानं तुम्हाला ताकीद दिली, तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "दोन शब्द बोललो तर तुमचं काय बिघडलं?" पुढचा हँड सुरू झाला होता आणि दोघांचे पत्ते अजून हातात होते, म्हणून मी उत्तर दिलं नाही. आता ते टेबल मोडलं आहे आणि कोणाचाही हँड चालू नाही. आता उत्तर देतो, आणि चारचौघांत देतो, कारण तुमच्यासारखा एक जण जवळपास प्रत्येक टेबलावर भेटतो. त्या प्रत्येकानं हे पत्र आपल्यालाच आलं आहे असं समजावं. तुमचं नाव मात्र मी लिहीत नाही. तक्रार तुमच्या वागण्याविषयी आहे आणि शिक्षा द्यायला टूर्नामेंट डिरेक्टर समर्थ आहे.

बिघडलं काय, ते ऐका. तुम्ही स्वतःचे पत्ते टाकून दिल्यावर दुसऱ्यांचे डाव खेळता. एकही चिप न लावता खेळता. तुमच्या जिभेला आजवर एकदाही ब्लाइंड भरावा लागलेला नाही, म्हणूनच ती इतकी सैल सुटली आहे.

सत्तीचा तो हँड आठवा. फ्लॉपवर इस्पिकची सत्ती, चौकटची सत्ती आणि किलवरची दुर्री आली. तुम्ही फ्लॉपच्या आधीच फोल्ड केलं होतं. पॉटमध्ये दोघंच होते. एकानं ऑल-इन बेट लावली, दुसरा विचारात पडला. तेवढ्यात तुम्ही टेबलावर थाप मारून ओरडलात, "अरे, सत्ती टाकली राव मी!"

त्या ओरडण्यानं काय केलं, याचा हिशेब मांडतो. विचार करणाऱ्याला स्वतःचे दोन आणि फ्लॉपचे तीन पत्ते दिसत होते, ४७ दिसत नव्हते. न दिसणाऱ्या ४७ पत्त्यांतून दोन-दोनच्या १,०८१ जोड्या होतात आणि त्यांतल्या ९१ जोड्यांत निदान एक सत्ती असते. म्हणजे साधारण ८.४ टक्के. तुम्ही ओरडलात आणि एक सत्ती हिशेबातून बाद झाली. उरल्या १,०३५ जोड्या, आणि सत्ती असलेल्या फक्त ४५. म्हणजे ४.३ टक्के. समोरून बेट आली की हे आकडे वर सरकतात, हे मलाही कळतं. पण शक्यता निम्म्यावर आली ती आलीच. त्यानं मान हलवली, कॉल केला, आणि सत्तीचा आव आणून ब्लफ करणारा माणूस टूर्नामेंटबाहेर गेला. जाताना तुम्ही त्याला "बॅड लक" म्हणालात. त्यात नशिबाचा संबंध नव्हता. त्याला बाहेर तुम्ही काढलंत.

"पण मी खोटं थोडंच बोललो?" हा तुमचा पुढचा प्रश्न. खोटं बोलला असतात, तरी अपराध तेवढाच होता. टाकलेला पत्ता हा त्या हँडपुरता कोणालाच न दिसणारा पत्ता असतो. तुम्ही तो शब्दांनी दाखवा, कपाळावर हात मारून दाखवा किंवा खुर्चीत मागे रेलून मोठ्यानं उसासा टाकून दाखवा. दाखवला म्हणजे दाखवला. आणि तुमचे पत्ते तुमच्या हातून गेल्यावर त्यांची माहिती तुमची राहत नाही. पॉटमध्ये ज्यांचे पैसे आहेत, त्यांच्या भांडणात ती सोडायचा तुम्हाला अधिकार नाही.

हा नियम मी त्या रात्री तुमच्यासाठी काढलेला नाही. २००१ साली मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्हिड लॅम यांनी टूर्नामेंट डिरेक्टर्स असोसिएशन उभी केली. त्याआधी प्रत्येक कार्डरूमचे नियम वेगळे असत आणि गाव बदललं की खेळाडूला नियम नव्यानं शिकावे लागत. या संस्थेनं ते एका चौकटीत आणले आणि आज जगभरच्या पुष्कळ टूर्नामेंट त्याच चौकटीवर चालतात. बोलण्याविषयीचा त्यातला नियम इतका साधा आहे की तो समजायला पोकर यावं लागत नाही. प्रत्येक खेळाडूनं टूर्नामेंटमधल्या इतर सर्व खेळाडूंचं हित सांभाळायचं. म्हणून तुम्ही हँडमध्ये असा वा नसा, चालू किंवा टाकलेल्या पत्त्यांविषयी बोलायचं नाही. कोणाच्याही खेळावर सल्ला द्यायचा नाही, टीका करायची नाही. जो हँड उघडा मांडलेला नाही, तो वाचून दाखवायचा नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक तत्त्व: एका हँडला एकच खेळाडू.

तुम्ही एका रात्रीत यांतला प्रत्येक नियम मोडलात.

सल्ल्याचं घ्या. आठव्या सीटवरचा तरुण पहिल्यांदाच समोरासमोर बसून खेळत होता. टर्नवर चौथं बदाम आलं, समोरच्यानं मोठी बेट लावली आणि हा पोरगा आपल्या चिप्सकडे बघत बसला. तुम्ही त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालात, "चार बदाम आहेत, बघ बाबा." तो दचकला, पत्ते टाकून मोकळा झाला. तुम्हाला वाटलं, आपण एका नवख्याला वाचवलं. ज्यानं बेट लावली होती, त्याचा विचार केलात का? नवखा चुकेल, बोर्ड नीट वाचणार नाही, ही शक्यता त्या माणसानं स्वतःच्या चिप्स पणाला लावून घेतली होती. समोरच्याच्या चुकीतून मिळणारं यश या खेळात कमाई मानतात, कारण तीच चूक आपल्या हातूनही होऊ शकते आणि तेव्हा आपल्यालाही कोणी वाचवायला येत नाही. तुम्ही एकाची चूक पुसलीत आणि तिची किंमत दुसऱ्याच्या स्टॅकमधून वळती केलीत. उपकार करायचे तर स्वतःच्या खिशातून करावेत. टूर्नामेंट संपल्यावर त्या मुलाला चहा पाजा, शेजारी बसवून रात्रभर शिकवा, कोणी अडवणार नाही.

कॅश टेबलावर हरलेला माणूस खिशात हात घालून पुन्हा चिप्स घेतो. टूर्नामेंटमध्ये री-एंट्रीची मुदत संपली की स्टॅक गेला म्हणजे माणूस गेला. शिवाय बक्षिसं ठरलेली असतात, त्यामुळे एक जण बाहेर पडला की त्याचा फायदा उरलेल्या सगळ्यांना मिळतो, शेजारच्या टेबलावरच्यांनाही. म्हणून इथे पॉटमध्ये नसलेल्या माणसाचाही निकालात स्वार्थ असतो, आणि म्हणूनच त्याचं तोंड बंद असणं जास्त महत्त्वाचं असतं.

मनी बबलच्या वेळी तुम्ही जे केलंत, ते तर या स्वार्थाचं उघडं प्रदर्शन होतं. एक जण बाहेर गेला की बाकी सगळे पैशांत. छोट्या स्टॅकवाल्यानं ऑल-इन केलं. तुम्ही कॉल केलात, दुसऱ्या एकानंही केला. साइड पॉटमध्ये अजून चिप्स पडू शकत होत्या. फ्लॉप आला आणि तुम्ही त्याला म्हणालात, "दोघं चेक करत जाऊ, याला घरी पाठवू." बबलवर दोन मोठे स्टॅक आपापल्या अकलेनं चेक करत रिव्हरपर्यंत गेले, तर त्यात गैर काही नाही, ते गणित प्रत्येकाला येतं. पण तोंडानं ठरवून ते करणं म्हणजे दोघांनी मिळून तिसऱ्याला मारणं. पोकरमध्ये त्याला संगनमत म्हणतात आणि त्यासाठी टूर्नामेंटमधून हाकललंही जातं. तुम्ही ते हसत हसत बोललात म्हणून त्याचं वजन कमी झालं नाही. ज्याचा शेवटचा चिप मध्ये पडलेला होता, तो हसत नव्हता.

आता ज्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग आला, तिच्याकडे येतो.

तिसऱ्या सीटवर तुमचा मित्र होता. टेबलावर दिल्लीचे होते, बंगळुरूचे होते, एक परदेशी पाहुणा होता. हँड चालू असताना तुम्ही मित्राला मराठीत म्हणालात, "सोड रे, त्याच्याकडे एक्का आहे, मघापासून तस्साच बसलाय." तुमची खात्री होती की टेबलावर दुसऱ्या कोणाला मराठी कळत नाही. मला कळत होतं. डीलर मुलगी गोव्याची होती. तिलाही कळत होतं, तिचा चेहराच सांगत होता. महाशय, हँड चालू असताना टेबलावर कोणती भाषा चालेल, हा नियम कोणाच्या मातृभाषेवर राग म्हणून केलेला नाही. अमेरिकेत तिथे इंग्रजीच चालते; इतर देशांत इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेला परवानगी देता येते, आणि कोणत्या भाषा चालतील ते सर्वांना दिसेल असं लावायचं असतं. उद्देश एकच: टेबलावर बोललेला प्रत्येक शब्द टेबलावरच्या प्रत्येकाला कळला पाहिजे. हँड संपला की मराठीत हवं ते बोला. मीही बोललो असतो; परक्या टेबलावर आपली भाषा ऐकू आली की मलाही बरं वाटतं. पण तुम्ही तिचा आडोसा करून चोरी केलीत. त्यानंतर मी तोंड उघडलं की दिल्लीकर माझ्याकडे संशयानं बघू लागला. तुमच्या एका वाक्यानं टेबलावरच्या प्रत्येक मराठी माणसाची पत कमी झाली, आणि ती भरून काढायला आम्हाला पुढचे कित्येक तास लागले.

तुम्ही स्वतःचा बचाव मोठ्या नावांनी करता, तेव्हा त्या नावांचीही झडती घेऊ.

तुम्ही विल कसूफचं नाव घेतलंत. २०१६ च्या वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये या ब्रिटिश खेळाडूनं नऊ-सहा घेऊन ब्लफ केला, अखंड बोलत राहिला आणि समोरच्या खेळाडूनं राण्यांची जोडी टाकून दिली. तो व्हिडिओ तुम्ही पाठ केला आहे. पण त्या हँडमध्ये कसूफच्या स्वतःच्या चिप्स पॉटमध्ये होत्या. त्याचं बोलणं फसलं असतं, तर त्याचाच स्टॅक गेला असता. आणि एवढं असूनही त्याच टूर्नामेंटमध्ये त्याला दंड झाला, कारण स्वतःच्या हँडमध्ये बोलण्यालाही मर्यादा असते. समोरच्याला डिवचत राहणं आणि सगळ्या टेबलाचा वेळ खाणं त्या मर्यादेबाहेर जातं. शेवटी त्याची राजांची जोडी एक्क्यांच्या जोडीसमोर पडली आणि तो सतराव्या क्रमांकावर बाहेर गेला. तुमच्या व्हिडिओत हा भाग नसावा.

तुम्ही १९९८ च्या स्कॉटी नुयेनचा दाखला दिलात. मेन इव्हेंटचा शेवट, दोघंच उरलेले. बोर्डवर तीन अठ्ठ्या आणि दोन नव्व्या, म्हणजे फुल हाउस टेबलावरच पडलेलं. नुयेननं ऑल-इन केलं आणि केव्हिन मॅकब्राइडला सांगितलं की तू कॉल केलास तर सगळं संपेल. मॅकब्राइडनं बोर्डच्या भरवशावर कॉल केला. नुयेनच्या हातात आणखी एक नव्वी होती, म्हणजे त्याचं फुल हाउस वरचढ. एका वाक्यानं दहा लाख डॉलरचं विजेतेपद पक्कं झालं. मी ते दृश्य कितीही वेळा बघू शकतो. तिथे तिसरा कोणी नव्हता, म्हणून ते बोलणं निखळ खेळ होता. वर्ल्ड सीरीजच्या नियमांत हाच विचार आहे: टूर्नामेंटमध्ये शेवटचे दोघंच उरले की त्यांना आपल्या पत्त्यांविषयी मोकळेपणी बोलता येतं, कारण त्या बोलण्यानं नुकसान होईल असं कोणी टेबलावर शिल्लक नसतं. तुम्ही बोलता तेव्हा टेबलावर नऊ जण असतात आणि तुम्ही त्यांतल्या कोणाशीच लढत नसता.

आणि जेमी गोल्ड? २००६ च्या मेन इव्हेंटमध्ये ८,७७३ खेळाडूंमधून तो जिंकला, १ कोटी २० लाख डॉलर घेऊन गेला, आणि आपले पत्ते खरे सांगून समोरच्याला गोंधळात टाकण्याची त्याची पद्धत आजही वादाची आहे. म्हणजे ज्याच्यापाशी जगज्जेतेपद आहे, त्याच्याही बोलण्याला लोकांनी माफी दिलेली नाही. तुमच्यापाशी काय आहे?

मोठ्या नावांना सूट मिळते, असंही तुम्ही पुटपुटलात. मिळते, आणि मिळते तेव्हा ती चूक असते. २००८ च्या मेन इव्हेंटमध्ये फिल हेल्म्युथनं एका खेळाडूला त्याच्या कॉलवरून मूर्ख ठरवत तोंडसुख घेतलं. त्याला एका फेरीचा दंड झाला आणि नंतर तो वरून रद्द करण्यात आला. तेव्हा हेल्म्युथच्या नावावर वर्ल्ड सीरीजच्या विजयांची ११ ब्रेसलेट होती. तरीही तो दंड रद्द व्हायला नको होता, असं मला ठामपणे वाटतं. एका नावासाठी नियम वाकला की त्याचा आधार पुढे तुमच्यासारखे घेतात.

टीकेच्या बाबतीत तुमचं आणि हेल्म्युथचं जमतं. "हा कसला कॉल? कुठून येतात ही माणसं?" हे तुम्ही ज्यांना म्हणालात, ती माणसं कुठून येतात ते मी सांगतो. महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्यानं बंदी आली. म्हणून पुण्या-कोल्हापूरचा माणूस रजा टाकतो, रात्रीच्या बसनं पणजीला उतरतो, बाजूला ठेवलेल्या पैशांतून बाय-इन भरतो आणि एका टूर्नामेंटची हौस भागवतो. त्याचा कॉल वाईट असेल. तो कॉल करायचा हक्क त्यानं बाय-इन भरून विकत घेतला आहे. तुमच्या शेऱ्यानं तो अपमानित होऊन पुढच्या वेळी आलाच नाही, तर टेबलं रिकामी पडतील आणि बक्षिसाची रक्कम घटेल. बरं, शेरा ऐकून तो सुधारला, तरी नुकसान बाकीच्यांचंच, कारण तुम्ही भर टेबलावर त्याची शिकवणी घेतलीत. दोन्ही बाजूंनी तुमचं तोंड दुसऱ्याच्या खर्चानं चालतं.

डीलरवर ओरडणं मी स्वतंत्र सांगतो, कारण तिथे समोरची व्यक्ती उत्तरही देऊ शकत नाही. रिव्हरला तुमचा पत्ता आला नाही म्हणून तुम्ही त्या मुलीवर डाफरलात आणि पत्ते तिच्या अंगावर भिरकावलेत. ती पत्ते पिसते, वाटते, पॉट मोजते. कोणता पत्ता यावा हे ती ठरवत नाही. पहाटेपर्यंत ती खुर्ची सांभाळून, तुमच्यासारख्यांचं ऐकून, ती पुढचा हँड त्याच शांतपणे वाटते. त्या रात्री टेबलावर सर्वांत सुसंस्कृत माणूस कोण होतं, असं मला कोणी विचारलं तर मी तिचं नाव घेईन.

यावर तुम्ही म्हणाल, म्हणजे पोकर मौनव्रतात खेळायचं? हूडी, हेडफोन, काळा चष्मा, आणि आठ तास एक शब्द नाही? मुळीच नाही. टेबलावरच्या गप्पांचा मी भोक्ता आहे. क्रिकेट बोला, राजकारण बोला, गोव्यात मासे कुठे चांगले मिळतात ते सांगा. डॅनिअल नेग्रानू वर्षानुवर्षं टेबलावर बडबडत आला आहे आणि लोक त्याच्याबरोबर खेळायला उत्सुक असतात. हँडमध्ये तुम्ही आणि समोरचा दोघंच असाल, तर नियमाच्या मर्यादेत राहून त्याला प्रश्न विचारा, त्याच्या आवाजाचा अंदाज घ्या, त्याला हसवा. चिप्स तुमच्या, धोका तुमचा, बोलणं तुमचं.

शिवाय एक वेळ अशी असते, जेव्हा पत्ते टाकलेल्या माणसानंही बोललंच पाहिजे. शोडाउनला पत्ते उघडे मांडले गेले, डीलरच्या नजरेतून स्ट्रेट सुटला आणि पॉट चुकीच्या माणसाकडे सरकू लागला, तर टेबलावरच्या कोणीही, हँडमध्ये असो वा नसो, आवाज उठवावा असा नियमच आहे. उघडे पत्ते सगळ्यांचे असतात. त्या रात्री हेही घडलं. दुसऱ्या सीटवरच्या बाईंचा स्ट्रेट डीलरला दिसला नव्हता. तुमच्या समोरच पत्ते पडले होते, तुम्ही बघत होता, आणि रात्रभरात पहिल्यांदा तुम्ही गप्प बसलात. पॉट तुमच्या मित्राकडे चालला होता. बोलणं थांबवता येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे, याचा तो पुरावा. तुम्ही स्वभावानं बडबडे आहात, ही सबब मी त्या क्षणापासून मोडीत काढली आहे. तुम्ही कधी बोलायचं आणि कधी नाही, हे हिशेबानं ठरवता.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: तुमच्या दोन शब्दांनी एक माणूस टूर्नामेंटबाहेर गेला, एकाच्या मेहनतीची बेट वाया गेली, एकावर दोघं मिळून तुटून पडले, काही जण अपमान गिळून गेले आणि आमच्या भाषेवर संशय आला. या सगळ्याचं बिल तुम्हाला एका रुपयाचंही आलं नाही.

पुढच्या वेळी ते येईल, अशी मी व्यवस्था करणार आहे. तुम्ही पत्ते टाकून पहिलं वाक्य बोललात की मी फ्लोअरला बोलावीन. ताकीद मिळून झालेली आहे. त्यानंतर काही हँड बाहेर, मग एक फेरी, मग अधिक फेऱ्या. तुम्ही टेबलापासून दूर उभे असाल आणि तुमच्या स्टॅकमधून ब्लाइंड आणि अँटी जात राहतील. तरी सुधारला नाहीत तर टूर्नामेंटमधून बाद. तुमच्या चिप्स उचलल्या जातील आणि बाय-इन परत मिळणार नाही. टेबलावरच्या इतरांनाही माझं सांगणं आहे की संकोचू नका. फ्लोअरला बोलावणं ही चुगली नाही. ज्याच्या चिप्स पॉटमध्ये आहेत, तो विचारात गुंतलेला असतो. त्याच्या हिताची राखण करणं हे पत्ते टाकलेल्या बाकीच्यांचं काम आहे.

तुम्ही मला खेळाची मजा घालवणारा म्हणालात. मला या खेळाची मजा वाटते, म्हणूनच एवढं लिहिलं. अपुऱ्या माहितीवर, एकट्यानं, स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घ्यायचा आणि त्याचं फळ भोगायचं, एवढीच या खेळाची गंमत आहे. ती गंमत माझ्याकडून हिरावून घ्यायचा हक्क मी तुम्हाला देणार नाही.

पुढची टूर्नामेंट जरूर खेळा. पत्ते हातात असतील तोवर नियमात राहून हवं तेवढं बोला. पत्ते टाकलेत की हँड संपेपर्यंत गप्प बसा.

आपला,
सीट क्रमांक सहा